वस्तादांचा आकडा

खर्र... टक्.

तो आवाज ऐकून खूप वर्षं लोटली, पण कानातून गेला नाही. हिशेबाची जुनी यंत्रं तुम्ही पाहिली नसतील. बाजूला लोखंडी हँडल, वर आकड्यांच्या सहा खिडक्या. आधी एक आकडा मांडायचा; मग हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला तो बेरजेत पडायचा. ही यंत्रं दुरुस्त करायला मला वस्तादांनी शिकवलं.

यंत्र नीट झालं का, हे पाहायला त्यांचा एकच आकडा ठरलेला. १४२८५७. दुसऱ्या फेऱ्याला २८५७१४, तिसऱ्याला ४२८५७१. सहा फेरे तेच अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात वेगळी. एखादं चाक घसरलं की लगेच डोळ्यांना खुपायचं. सातव्याला मात्र सगळे नऊ. तिथे काम पुरं. शाळेत मी फारसा गेलो नाही, पण या आकड्यात मला कुणी चकवणार नाही.

वस्ताद गेले ते दुकानातच, असंच एक यंत्र तपासताना. सहावा फेरा झाला होता. हात हँडलवरच होता.

पुढे त्यांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा निरोप आला, ते यंत्र घेऊन जा म्हणून. दुपारी गेलो. घर दुकानाच्या मागेच. लेक त्यांना आपल्या घरी न्यायला तयार आहे, काकू सांगत होत्या, पण रोज या वेळी दुकानातून आवाज येतो. सहा फेरे, की गप्प. आजचेही आत्ताच झाले होते. उंदीर हिशेब शिकला असेल, म्हणून मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"अडकलेत रे ते. तसे जिवंतपणी तरी कधी वेळेवर घरी आले म्हणा... पण त्यांना अर्ध्यात टाकून मी लेकीकडे कशी जाऊ?"

मी दुकानात शिरलो. तेलाचा आणि गार लोखंडाचा वास. झरोक्यातला उजेड टेबलापर्यंत पोचत नव्हता. यंत्रावर धूळ होती, हँडलवर नव्हती. खिडक्यांत ८५७१४२. हँडल धरलं... कोमट लागलं, नुकतंच कुणी सोडल्यासारखं.

"सातवा दे," काकू मागून म्हणाल्या.

मी फिरवलं. सहाही खिडक्यांत नऊ आले. काकूंनी डोळे मिटले. मी हात पुसून पाने-पकडी गोळा करू लागलो.

खर्र... टक्.

हँडल आपोआप फिरलं. सावकाश, वस्ताद फिरवायचे तसं. खिडक्यांत १४२८५६.

"हा कुठला रे...?"

"बरोबर आहे, काकू." माझा आवाज कापला नाही. "आठव्याला आकडा मूळ जागी येतो, फक्त एकाने कमी. तो एक पुढे सरकतो, सातव्या जागेवर. तिथे खिडकीच नाही."

"म्हणजे तो एक... बाहेर पडला?"

"हो."

काकूंनी यंत्राकडे एकदा पाहिलं. मग दुकानाच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या, चपला घातल्या आणि रस्त्याकडचं दार उघडलं. बाहेर पडल्या, पण दार लगेच सोडलं नाही. मागून कुणी यायचं असावं, तसं धरून ठेवलं... मग अलगद लोटलं, आणि त्या निघून गेल्या.