कुपीवाल्याची शेवटची कुपी

पहिल्याच दिवशी तो प्रयोगशाळेच्या दारात तिच्यावर आदळला, हातात इवलीशी कुपी जिवापाड जपत. कुपी वाचली... तिचा चहा मात्र सांडला.

"माफ करा! रेणू आणलाय. वरच्या मजल्यावर बनवतो मी."

"आणि चहा? तोही बनवता का?"

तेव्हापासून तो तिच्यासाठी कुपीवाला झाला. पेशी नको असलेल्या प्रथिनांना युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची चिठ्ठी चिकटवून भंगारात काढते. ही चिकटवाचिकटवी सुरू करणाऱ्या एन्झाइमला कुलूप घालणारा रेणू त्याने बनवायचा, तिने तपासायचा. चिठ्ठ्या लागल्या की फिल्मवर काळा पट्टा उमटायचा, आणि त्याचा कुठलाही रेणू घाला, पट्टा आपला ठणठणीत! "नाही चालला," ती म्हणायची. "उद्या दुसरा आणतो," म्हणत तो हसत निघून जायचा. तो गेला की तिला उगाचच चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं.

मग दोघांच्या प्रमुख बाईंनी बजावलं, या महिन्यात एकही रेणू चालला नाही तर कुपीवाल्याने दुसरीकडे काम शोधावं. शेवटची कुपी तपासताना तिने देव पाण्यात ठेवले होते.

आणि त्याच्या रेणूच्या जागी फिल्म कोरी! ती धावत जिना चढली. "चालला!" दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि सोडायचे विसरले.

बाईंकडे निघताना तिने फिल्म पुन्हा पाहिली. तुलनेसाठी ठेवलेल्या, रेणू न घातलेल्या नळीचाही पट्टा गायब होता! एटीपी... एन्झाइम ज्या इंधनावर चालतं, तेच ती घालायला विसरली होती. कुलूप नसतं तरी ते ढिम्मच बसलं असतं.

"रेणू नसलेली नळी बघितलीच नाहीत?" त्याने विचारलं.

"नाही," ती रडवेली झाली. "तुमचीच बघितली. तुम्ही जाऊ नये असं वाटत होतं... मला. फार."

त्याचे कान लालेलाल झाले.

"मग माझंही ऐका. सगळे रेणू पहिल्याच आठवड्यात तयार होते. एका डब्यात घालून देता आले असते."

"मग रोज एकेक का आणलात?"

"डबा एकदाच आणता येतो ना..."

"आणि नोकरी घालवून बसणार होतात? शहाणेच आहात!"

प्रयोग पुन्हा केला, दोघांनी मिळून. "एटीपी घातलं?" तो सारखा विचारून तिचं डोकं खात होता. या वेळी रेणूविना पट्टा काळाकुट्ट उमटला, शेजारचा त्याच्या रेणूचा मात्र चांगलाच फिकट.

"अर्धवट का होईना, चालतोय," बाई म्हणाल्या. "सुधारा आता, दोघांनी मिळून."

जिन्यात तो म्हणाला, "नव्याने पाच-सहा एकदम बनवतो. डबाच आणू?"

"काही नको," ती म्हणाली. "एकेकच आणा."