शेवटचा एक डेसिबल

आमची गाडी नऊ वर्षांची आहे. छोटी, मागचं दार वर उघडणारी. गल्लीबोळांत ती लोण्यासारखी फिरते, पण मोठ्या रस्त्यावर साठच्या पुढे गेली की तिच्या पोटात पिठाची गिरणी सुरू होते. ऐंशीच्या वेगाला मी मोजलं तेव्हा आत त्र्याहत्तर डेसिबल भरले.

मोजणं हेच माझं काम आहे. सभागृहांत आणि वर्गांत आवाज किती वेळ घुमतो ते तपासून मी अहवाल लिहिते. त्यामुळे नव्या खोलीत शिरले की हात आपसूक एक टाळी वाजवतात आणि कान तिचा शेवट ऐकतात. "कबुतरं उडवतेस का गं?" आई विचारायची.

गेल्या वर्षी नवा मीटर आला तेव्हा मी तिला तिच्या पलंगावर बसवून टाळी वाजवली होती. शून्य पूर्णांक आठ सेकंद. पुढे डोक्याच्या ऑपरेशनसाठी ती हॉस्पिटलात असताना तीच टाळी रिकाम्या पलंगासमोर वाजवली. शून्य पूर्णांक नऊ. माणसाचं अंगही थोडा आवाज पितं, म्हणून हा फरक. घरी आल्यावर तिला हे सांगितलं, तर डोक्याला पट्टी असतानाही ती हसली.

"म्हणजे सत्तर वर्षं खपून मी एक दशांश!"

ऑपरेशननंतर तिला चमचा पडलेलाही सोसेना. मी टाळी बंद केली.

दर मंगळवारी उपचारांसाठी बासष्ट किलोमीटर जायचं होतं. पहिल्या खेपेला तिनं सगळी वाट उशी कानांवर दाबून धरली. दुसऱ्या खेपेला उलटी झाली. तिसऱ्या खेपेनंतर दादाचा फोन आला.

"तिचे हाल चाललेत. हॉस्पिटलशेजारी त्यांचीच राहायची सोय आहे. महिनाअखेरीला तिला तिकडे हलवू."

"तिला घरी राहायचंय."

"मग तो रस्ता गप्प कर," दादा म्हणाला. तो चिडून बोलला होता. मी ते काम म्हणून अंगावर घेतलं.

उस्तादांचं गॅरेज आमच्या ऑफिसच्या मागे आहे. त्यांनी गाडीखाली वाकून पाहिलं, टायरवर बोटं फिरवली आणि म्हणाले, "ताई, गाडीला कान नसतात, पण तोंडं फार. एकेक बंद करू."

आधी टायर बदलले. मग शॉक ॲब्सॉर्बर. मग सीटा आणि गालिचा काढून उघड्या पत्र्यावर डांबरी रबराच्या जाड शीट चिकटवल्या. हे काम मी हातानं केलं. शीट गरम करायची, पत्र्यावर बसवायची आणि रोलरनं इतकी दाबायची की खाली हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. वर फोम. पत्र्यावर टिचकी मारली की आधी डब्यासारखं वाजायचं, आता लाकडासारखं. मीटर अडुसष्टवर आला.

त्या मंगळवारी आई मागच्या सीटवर डावीकडे, तिच्या नेहमीच्या जागी, झोपून गेली.

"रस्ता कुठे गेला गं?" जागी होऊन तिनं विचारलं.

गाडी किती मऊ बसते हे पाहायला मी एक साधी पद्धत ठेवली होती. मागच्या डाव्या चाकाच्या आणि वरच्या कमानीच्या मध्ये बोटं घालायची. गाडी रिकामी असली की चार बोटं मावायची. आई बसली की तीन. ती उतरली की पुन्हा चार. मंगळवारच्या वहीत मी डेसिबलशेजारी हेही लिहायचे.

नंतर दारांची पाळी. पॅनेल उघडून आतल्या पत्र्याला शीट लावल्या, कडांना जाड रबरी पट्ट्या. दारं आता लागताना आपटत नव्हती, मिटत होती. दाराच्या तळाशी करंगळीएवढी भोकं होती, त्यांना उस्तादांनी हात लावू दिला नाही.

"ती राहू द्या. काचेवरून पाणी आत उतरतं. जे आत गेलं त्याला बाहेर पडायला वाट लागते."

सहासष्ट.

परतताना आईनं उशी मागितलीच नाही. काचेबाहेर झाडं आवाजाशिवाय मागे जात होती. तिच्या चेहऱ्यावर लहान मुलीसारखा स्वस्थपणा होता. "कापसात ठेवल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळानं, "इथंच राहावं."

घरी उतरल्यावर मी बोटं घातली. साडेतीन. स्प्रिंगला पूर्ववत व्हायला वेळ लागत असेल. मी तसं वहीत लिहिलं.

जेवताना आईनं ताटाची कड धरून ठेवली होती. "अजून गाडीतच असल्यासारखं वाटतंय बघ."

"लांबच्या प्रवासानंतर होतं तसं. कानातल्या पाण्याला थांबायला वेळ लागतो."

"तसं असेल," आई म्हणाली. तिनं अर्धी पोळी खाल्ली.

महिनाअखेर दहा दिवसांवर होती. आई एकसष्टव्या किलोमीटरपर्यंत शांत असायची, पण हॉस्पिटलच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता आणि तिथं ती अजून डोळे घट्ट मिटायची. आणखी एक डेसिबल कमी व्हायला हवा होता. रविवारी दुपारी मी एकटीच त्या रस्त्यावर गाडी फिरवून आले, आतल्या आवाजाची बारीकसारीक तपासणी केली आणि तो एक डेसिबल कुठून येतो ते मला सापडलं. दाराच्या तळाच्या भोकांतून.

महिनाभर पाऊस नव्हता. मी चारही दारांची भोकं शीटचे तुकडे लावून बुजवली आणि वर रोलर फिरवला. उस्तादांना सांगितलं नाही.

पासष्ट.

त्या मंगळवारी उखडलेला रस्ता कधी सरला हे मलाही कळलं नाही. मला माझाच श्वास ऐकू येत होता. थोड्या वेळानं आईचाही. मग आम्हा दोघींचा एकाच लयीत. आरशात ती खिडकीला टेकून हसत होती, उघड्या डोळ्यांनी.

हॉस्पिटलच्या दारात तिला हाक मारून मारून उठवावं लागलं. ती उतरली, माझा दंड न धरता चालत आत गेली. नर्सनं तिला काट्यावर उभं केलं. आकड्याकडे पाहिलं. काटा भिंतीशी सरकवला, पुन्हा पाहिलं, आणि कागदावर मागच्या खेपेचाच आकडा लिहिला.

"काटा बिघडलाय वाटतं," ती म्हणाली.

डॉक्टर खूश होते. दुखणं नाही, चक्कर नाही. मी तिथूनच दादाला फोन केला.

"जिंकलीस बाई," तो म्हणाला. "राहू दे तिला घरीच."

गाडीपाशी आल्यावर आई दाराजवळ थांबली, मी खाली वाकले. गाडी रिकामी होती. तीन बोटं मावली.

आई आत बसली. मी पुन्हा बोटं घातली.

तीनच.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी मागची डावी स्प्रिंग काढली, उजवीशेजारी ठेवून पाहिली. दोन्ही सारख्या. तरी नवी बसवली. गाडी जॅकवरून उतरली आणि डावीकडे एक बोट खाली बसली, कोणीतरी जपून टेकावं तशी.

"मागे काही ठेवलंय का ताई?"

"नाही."

त्यांनी डावं दार उघडलं, सीटवर हात ठेवला आणि लगेच उचलला. हात पँटला पुसला. "ऊन लागलं असेल सीटला," ते म्हणाले. गाडी सकाळपासून छपराखाली होती.

घरी येऊन मी चारही दारांची पॅनेल उघडली आणि भोकांवरचे तुकडे खरवडून काढले. पाणी आलं नाही. काहीच आलं नाही. डावं दार सताड उघडं ठेवून मी तासभर पायरीवर बसले. मग बोटं घातली. तीनच.

वर गेले तेव्हा आई पलंगावर बसली होती, पाय खाली सोडून. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं. चादरीला सुरकुती नव्हती.

"आई, कसं वाटतंय?"

"काही दुखत नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं, प्रेमानं, थोडं लांबून. "इतके दिवस माझ्यापायी टाळी वाजवली नाहीस. वाजव की."

"त्रास होईल तुला."

"नाही होणार."

मी मीटर काढला. तो स्टँडवर लावला. आईपासून दोन हातांवर उभी राहिले आणि एक टाळी वाजवली.

ती दचकली नाही.

आकड्याकडे बघायची गरज नव्हती. कान आधीच ऐकून मोकळे झाले होते. तरी मी पाहिलं, कारण मोजणं हेच माझं काम आहे.

शून्य पूर्णांक नऊ.

"किती आले?" आईनं हसून विचारलं.

"आठ," मी म्हणाले.