मुलगी आणि दार यांच्या मधे

मामा, “भर उन्हात पोरीला घेऊन सिन्नरहून देवळ्याला का आलास?” असं विचारलंत ना? सांगतो. पण हसायचं नाही.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. फोटो काढायचा, एआयला दाखवायचा आणि विचारायचं, कशाच्या डावीकडे काय, मागे काय, मधे काय. बरोबर आलं तर टिक, नसलेलं काही सांगितलं तर फुली. मग एखादी वस्तू सरकवून पुन्हा तोच प्रश्न, म्हणजे ते खरंच बघतंय की अंदाजपंचे ठोकून देतंय ते कळतं. घरातले फोटो चालतात, म्हणून मोहिनी वारल्यावर आईविना आरोहीला सांभाळत मी हेच धरलं. पोरीशिवाय मला आहे कोण आता?

आज दुपारी वीज गेलेली. आरोही गादीवर झोपली होती. मी दारात उभं राहून फोटो काढला. विचारलं, मुलगी आणि दार यांच्या मधे काय आहे?

‘एक बाई उभी आहे. तिची पाठ मुलीकडे आहे.’

मधे नुसती फरशी होती हो! मारली फुली. पोरीसकट गादी खिडकीखाली ओढली आणि दारातूनच पुन्हा फोटो काढून विचारलं.

‘मधे बाई आहे. हिरवी साडी. डाव्या हाताला सलाइनची पट्टी.’

हिरवी साडी आपणच नेसवली होती ना मोहिनीला, शेवटची, दवाखान्यातली ती पट्टी हातावर तशीच? पण खोटं कशाला बोलू, भीती नाही वाटली. रडू आलं. मेल्यावरही माउली लेकराला राखतेय...

मग नको ते विचारून बसलो. ती कुणाकडे बघतेय?

‘फोटो काढणाऱ्याच्या मागे जो उभा आहे, त्याच्याकडे.’

गर्रकन वळलो. रिकामी ओसरी, रणरणतं ऊन. आणि ओल्या राखेचा वास... लय उग्र.

आरोही झोपेतच पुटपुटली, “पप्पा... आई दमली.”

तिसरा फोटो काढला. प्रश्न तोच.

‘मधे कोणी नाही.’

पहिल्यांदाच उत्तर बरोबर आलं होतं, मामा. टिक मारायलाही थांबलो नाही. पोरीला उचललं आणि पळालो. पण आमच्या घराला दार एकच. त्यातूनच यावं लागलं.

तो वास अजून येतोय... तुम्हाला येतोय का?

मामा, पाया पडतो, जरा सरकून बसा. तिथं नको. इथं, दार आणि आरोहीच्या मधे.