सांडव्यातल्या गोण्या

डोंगरावरच्या तलावाचा सांडवा दुपारच्या आत मोकळा करायचा, नाहीतर तलावाची मातीची पाळ फुटणार आणि खालच्या मोहल्ल्यातली बावीस घरं वाहून जाणार! एवढ्या एका कामासाठी भाऊराव, विनोद आणि तृप्ती सकाळी आठला बेलखेडीतून निघाले. चौथा माणूस काही मिळेना. पोळ्याचा दुसरा दिवस होता. गावातले सगळे धडधाकट गडी गोटमारीची दगडफेकीची जत्रा बघायला आदल्या संध्याकाळीच पांढुर्ण्याला गेले होते आणि रात्रभराच्या पावसानं तिकडेच अडकले होते. जाम नदीकाठी गोटे फेकायला हजारो हात, अन् इथं कुदळ धरायला तीन माणसं! मोबाइलचा टॉवरही पहाटेपासून बंद होता.

भाऊराव संत्र्याचे बागाईतदार, साठीला टेकलेले. विनोद त्यांच्याच बागेत रोजीनं जायचा. तृप्ती त्याची धाकटी बहीण; दोघंही खालच्या मोहल्ल्यातली. सौंसरला आपत्तीच्या कामाचं आठ दिवसांचं शिक्षण घेऊन आली होती आणि कागदपत्रं, औषधं, फुटाणे एका पिशवीत भरून ठेवा म्हणून उन्हाळाभर घरोघर लोकांच्या मागे लागली होती. भाऊरावांनी चारचौघांत तिची टिंगल केली होती, आपण काय गंगेकाठी राहून राहिलो का, असं विचारून. आज दोराचं वेटोळं खांद्यावर घेऊन ती पुढे होती आणि ते मुकाट्यानं तिच्या मागे चालत होते.

सांडव्यात कचरा अडकला असेल, एवढंच त्यांनी तिला सांगितलं होतं. खरी गोष्ट वेगळी होती. सांडवा म्हणजे तलावाचं जास्तीचं पाणी बाहेर पडायची वाट. ती काही वर्षं कोरडी राहिली, तेव्हा तिच्यातल्या गाळाच्या जमिनीवर भाऊरावांनी संत्र्याची दीडशे कलमं लावली. कलमांवर पाणी येऊ नये, वर पुढच्या उन्हाळ्यात बागेलाही पाणी पुरावं, म्हणून मे महिन्यात सांडव्याच्या तोंडाशी वाळूच्या गोण्यांची दोन हात उंच भिंत रचली. गोण्या विनोदनंच भरल्या होत्या. कोणाला सांगू नको, असं त्याला बजावलंही होतं. तेव्हा त्यांना स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

तलावाकडे जाणाऱ्या गाडीवाटेवरचा रपटा, नाल्यावरचा ठेंगणा पूल, पाण्याखाली गेला होता. म्हणजे नाला ओलांडून जंगलातूनच चढायचं! तृप्तीनं दोराचं एक टोक करंजाच्या बुंध्याला बांधलं आणि दुसरं विनोदच्या कमरेला. तो धडपडत पलीकडे पोचला आणि त्यानं आपलं टोक तिकडच्या झाडाला आवळलं. मग भाऊराव उतरले. पाणी कमरेला लागलं. पायाखालचे गोटे सरकत होते. अचानक एक ओंडका येऊन नडगीवर आदळला! पाय सुटले. नाकातोंडात गढूळ पाणी गेलं. दोर तेवढा हातात राहिला. विनोदनं बखोटीला धरून त्यांना काठावर ओढलं, तेव्हा भाऊरावांना आधी खोकला आला आणि मग रडू. रडू त्यांनी पावसात खपवलं. शेवटी तृप्तीनं करंजाचं टोक सोडून स्वतःच्या कमरेला बांधलं आणि तीही दोरासकट पार झाली.

पुढे सागाचं जंगल होतं, आणि चढ असा की पाऊलभर वर गेलं की दीड पाऊल खाली. रोजची पायवाट रात्री दरडीबरोबर खाली गेली होती. मुरमाच्या उघड्या कड्यावरून तिघंही रांगत निघाले. वळणावर खडकाच्या कपारीत काळं काहीतरी हललं. अस्वल! तिघंही जागीच थिजले. अस्वलानं भिजलेलं तोंड वर करून त्यांच्याकडे पाहिलं, एकदा फुस्स केलं आणि ते पुन्हा अंग आखडून बसलं. त्यालाही आज कोणाशी भांडायची हौस नव्हती. तिघंही मागे मागे सरकले आणि त्यांनी बांबूच्या बेटातून लांबचा वळसा घेतला. त्यात अर्धा तास गेला. भाऊराव दर दहा पावलांना घड्याळ बघत होते. घड्याळात नाल्याचं पाणी शिरून ते केव्हाच बंद पडलं होतं, तरी बघतच होते.

शेवटी तलाव दिसला. पाणी पाळीच्या माथ्यापासून फक्त वीतभर खाली होतं! पाळीच्या बाहेरच्या अंगाला एक धार फुटली होती, गढूळ. स्वच्छ पाणी झिरपलं तर फारसं बिघडत नाही, पण गढूळ आलं की पाळ आतून पोखरली जातेय, हे तृप्ती शिकून आली होती. तिनं तीन लांब शिट्ट्या फुंकल्या. शिट्टी ऐकताच घरं सोडून टेकडीवरच्या विहारात जायचं, असं मोहल्ल्यात ठरलेलं होतं. पण पाण्याच्या आवाजात शिट्टी तिथल्या तिथंच विरली. खाली तर पावसाच्या पडद्यापलीकडे एक घरही दिसत नव्हतं.

मग तिची नजर सांडव्याकडे गेली.

"हा कचरा नाही, काकाजी. ह्या गोण्या रचून ठेवल्या कोणीतरी."

विनोद खाली मान घालून उभा राहिला.

"मीच ठेवल्या," भाऊराव म्हणाले.

तृप्तीनं त्यांच्याकडे क्षणभरच पाहिलं. "मंग तुमीच काढा. आधी दोर बांधा."

दोर कमरेला बांधून, विळा घेऊन भाऊराव सांडव्यात उतरले. गोण्या चिखलानं घट्ट बसल्या होत्या. विनोद काठावरून ओरडला, "मालक, कडेच्या दोनच काढू. पाणी हळूहळू जाईन, कलमं वाचतीन!"

भाऊरावांनी खाली पाहिलं. तीन वर्षांची, छातीपर्यंत आलेली कलमं. पुढच्या वर्षी पहिली फळं धरायची होती. त्यांचा हात थांबला. खरं सांगायचं तर चांगला थांबला! तेवढ्यात पाळीचा एक तुकडा धपकन खाली कोसळला.

"पुऱ्या काढतो," ते म्हणाले आणि त्यांनी मधल्या गोणीवर विळा मारला.

गोणी फाटली. वाळू भसाभसा वाहू लागली. दुसरी. तिसरी. विनोदही दोर बांधून खाली उतरला आणि कुदळीनं गोण्या उलथवू लागला. आणि मग सगळी भिंत एकदम सुटली! पाण्याच्या लोटानं भाऊरावांना उचलून फेकलं. दोर ताणला. तृप्तीनं झाडाला दोन्ही पाय रोवून तो धरून ठेवला. तिचे तळवे सोलून निघाले, पण हात सुटले नाहीत. विनोद कसाबसा काठाला लागला आणि दोघांनी मिळून त्यांना वर ओढलं.

दीडशे कलमं पाच मिनिटांत गेली. भाऊराव चिखलात बसून ते पाहत होते. त्यांना फार वाईट वाटलं, अगदी पोटचं कोणी गेल्यासारखं. पण तलावाचं पाणी हळूहळू दोन हात उतरलं, गढूळ धार बारीक झाली, आणि पाळ उभी राहिली.

उतरताना पावसाचा जोर ओसरला होता, त्यांची घाई मात्र ओसरली नव्हती. विहाराच्या पायरीवर पंचफुलाबाई उभ्या होत्या, विनोद-तृप्तीची आई. आत सगळा मोहल्ला कोरडा बसला होता, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट. शिट्टी तर कोणाला ऐकूच आली नव्हती.

भाऊरावांनी हात जोडले आणि गोण्यांचं सांगायला तोंड उघडलं.

"मले नोका सांगू, भाऊ," पंचफुलाबाई शांतपणे म्हणाल्या. "सरपणाले गेली तवा जूनमंधीच पाहिल्या मी. बोलली असती तर विनोदची रोजी गेली असती. म्हणून घराघरातून पिशव्या भरून घेतल्या. अन् तुमी डोंगर चढाले लागले का सारे उठवून इथं आणले. शिट्टीची वाट नाही पाहिली. सांगाचं तर आत बसले त्यायले सांगा."

आत भाऊरावांना लोकांनी सरकून जागा करून दिली. मोहल्ला वाचवला म्हणून कोणी त्यांचे पाय धरायला वाकलं. ते मागे सरले, बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं, गोण्यांचं, कलमांचं, विनोदला गप्प बसवल्याचंही. मग कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं विचारलं, "अन् पुढच्या साली?"

भाऊराव म्हणाले, "दरसाली पावसाच्या आधी तुमच्यातले चार जण वर जाऊन सांडवा पाहून या. मी म्हटलं का सारं ठीक आहे, तरी जा."

तेव्हा कुठे पंचफुलाबाईंनी त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला.