घंटेचा चौथा आवाज

तिकिटासोबत हातात आलेला नादवाचक तेजलनं सगळ्यात आधी मनवाच्या पोह्यांच्या डब्यावर धरला. दोघींच्या कानांतल्या बारक्या गोळ्यांत ठण्ण असा आवाज घुमला. डबा मात्र तसूभरही हलला नव्हता.

"पाह्य वो, तुह्या डब्याले बी गळा हाये!" तेजल खो खो हसली. संग्रहालयाच्या दारावरचा रखवालदारही हसला.

नादवाचक म्हणजे टॉर्चएवढी एक नळी. ती वस्तूवर रोखली की अतिसूक्ष्म कंपनं आत पाठवायची. ती परत कशी येतात, यावरून वस्तूची जाडी, घडण आणि धातूचा पोत ओळखायची, आणि ही वस्तू वाजवली असती तर कशी वाजली असती ते कानात ऐकवायची. हात न लावता, ठोका न देता. त्यामुळे जिथं वर्षानुवर्षं 'स्पर्श करू नका' अशा पाट्या होत्या, तिथं आता लोक काचेपलीकडच्या तलवारी, समया आणि जहाजांचे खिळे ऐकत हिंडत होते.

मनवा पिसाळ वाईजवळच्या जांभुळटेकची, तेजल काळमेघ अमरावतीची. दोघी पोर्तुगालमधल्या कोइंब्राच्या विद्यापीठात शिकत होत्या. परीक्षा संपल्या म्हणून शनिवार-रविवार लिस्बन बघायला आल्या होत्या. शनिवार नुसता भटकण्यात गेला. पिवळ्या ट्राममधून टेकडी चढून झाली, निळ्या फरशांच्या भिंतींपुढे फोटो काढून झाले, दालचिनी भुरभुरलेली गोड कस्टर्डची पेस्ट्री तर तीनदा खाऊन झाली. रविवारी सकाळी दोघी धातू ओतण्याच्या जुन्या कारखान्यातल्या या छोट्या संग्रहालयात शिरल्या, ते केवळ नादवाचकाच्या कुतूहलानं.

शेवटच्या दालनात लाकडी चौकटीवर एक मोठी घंटा टांगलेली होती. ओठाशी तिचा वीतभर तुकडा उडालेला, तिथून वर गेलेली चीर. भोवती गर्दी होती आणि मधोमध पिकल्या केसांची एक बाई सगळ्यांशी बोलत होती. तिचं नाव इनेश. ती इथली ध्वनितज्ज्ञ.

"हिचा तुकडा हरवलाय, म्हणून यंत्राला हिचा आवाज नक्की सांगता येत नाही. त्यानं तीन अंदाज दिलेत. तुम्ही ऐका आणि एक निवडा. ज्याला जास्त मतं, त्या आवाजाचा तुकडा आम्ही उद्या घडवून जोडू. एकदा सांधला की मग बदल नाही."

मनवानं पहिला आवाज ऐकला. गोड होता. दुसरा जरा जड. तिसरा सुरू झाला आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तिन्हींच्या तळाशी एकच खर्ज होता, आणि तो तिच्या ओळखीचा होता. ती वाकून घंटेकडे पाहू लागली. पातळ क्रॉस, त्याखाली द्राक्षवेलीची नक्षी.

"काय झालं वो? चेहरा काऊन असा?" तेजलनं विचारलं.

"ही आमच्या देवळात आहे," मनवा म्हणाली. मग तिनं इनेशला गाठलं. "तिन्ही आवाज चुकीचे आहेत. खरी घंटा वाजल्यावर सूर पाळण्यासारखा झुलतो. सावकाश. माझ्या गावी अशीच एक आहे, हाच क्रॉस, हीच वेल."

इनेश मायेनं हसली. "लहानपणची घंटा प्रत्येकाच्या कानात असते. सकाळपासून चार जणांनी मला हेच सांगितलंय."

"मग ऐकाच तुम्ही," म्हणत मनवानं फोन लावला.

जांभुळटेकला दुपार कलत होती. शालनआत्याचं घर भैरवनाथाच्या देवळामागेच.

"मने! जेवलीस का गं?"

"जेवते. आत्या, आधी देवळात जा आणि घंटा वाजव ना."

"आत्ता? आगं, देवाची झोपायची येळ ही. गाव म्हणंल, म्हातारीला याड लागलं."

"आत्या, इथं त्या घंटेची बहीण सापडलीये बहुतेक. उद्या तिला चुकीचा गळा बसवतायत."

पलीकडून चपलांचा आवाज आला, दाराची कडी, आणि आत्याचं पुटपुटणं, "देवा, माफ कर रं बाबा." इनेशच्या सांगण्यावरून मनवानं आत्याला फोन घंटेच्या अंगाला टेकवायला लावला.

घण्ण!

फोनमधून आलेला तो नाद यंत्रानं उचलला. घंटेशेजारच्या पडद्यावर त्याच्या रेषा उठल्या, झुलल्या, हळूहळू विरत गेल्या. इनेशचं हसू मावळलं. तिनं आणखी एक ठोका मागितला. मग आणखी एक. फुटक्या घंटेच्या रेषा तिनं त्यांच्यावर ठेवल्या, तेव्हा खालचे सगळे सूर एकमेकांवर तंतोतंत बसले. जिथं तुकडा नव्हता, तिथली रिकामी जागा जांभुळटेकच्या घंटेनं भरून काढली.

"एकाच साच्याच्या, एकाच रसातून ओतलेल्या," इनेश हलक्या आवाजात म्हणाली. "जुळ्या." तिनं नवा हिशेब सुरू केला आणि दालनातल्या सगळ्यांना कानांतल्या गोळ्या काढायला सांगितल्या. छतावरच्या कर्ण्यांतून चौथा आवाज उमटला. जड ठोका, मग पाळण्यासारखा सावकाश झोका. टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की तेजलनं मनवाला उचलून गरकन फिरवलंच. "माय वो! पोट्टीनं तं कमालच केली!"

इनेश डोळे पुसत होती. "पण ती तिकडे पोचली कशी?"

मनवा जरा अडखळली. "लहानपणी ऐकलंय ते असं. मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा काढून आणल्या. जिंकल्याची खूण म्हणून. त्यातलीच एक आमच्याकडे आली म्हणतात."

टाळ्या थांबल्या होत्या. इनेशनं घंटेवरच्या क्रॉसवरून बोट फिरवलं. "आणि वसईला ती आम्ही कशी नेली, तेही काही फार सरळ नसणार," ती म्हणाली. "तेव्हापासून ती तिकडे वाजतेय?"

"रोज. आरतीला."

"ही मात्र कधीची मुकी."

फोन अजून चालूच होता. "मने, आगं काय चाललंय तिकडं? आपली घंटा मागत्यात का काय ती?" आत्याच्या आवाजात धाकधूक होती.

"नाही गं. ऐक, ही बघ तिची बहीण," म्हणत मनवानं फोन कर्ण्याकडे धरला. चौथा आवाज पुन्हा घुमला.

"व्हय की गं," आत्या म्हणाली. "अगदी आपलीच. म्हंजी ते हिचं माहेर झालं. येवढी वर्सं सासरी नांदली बिचारी, कुणी न्यायला आलं न्हाई. आता सांग, माहेरी कधी धाडायची हिला?"

इनेश मनवाच्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणतायत त्या?"

'माहेर' या शब्दाला कुठल्या भाषेत काय म्हणावं, ते मनवाला काही केल्या सुचेना. ती हसली.

"आत्या विचारतेय," ती म्हणाली, "दोघी बहिणींनी एकदा भेटायला नको का? आणि भेटायचं, तर कोणाच्या घरी?"