शंभर फूट गाणे

खोलीत चार टाक्या होत्या. पहिलीत फिल्म धुण्याचे औषध, दुसरीत पाणी, तिसरीत दुसरे औषध, चौथीत पुन्हा पाणी. बत्तीस पितळी चाकांवरून फिल्मची ओली फीत त्यांतून खालीवर होत गेली होती. तिच्या एका टोकाला काचेतून स्टुडिओकडे रोखलेला कॅमेरा, दुसऱ्या टोकाला चित्र आणि आवाज हवेत सोडणारे यंत्र. तिसऱ्या टाकीच्या लोखंडी कोपऱ्याखाली रक्ताचा बशीएवढा डाग.

मिस विनिफ्रेड स्केल्टन गुडघ्यांवर बसून टेपने फीत मोजत होत्या.

"कॅमेऱ्यापासून यंत्रापर्यंत शंभर फूट. फुटाला सोळा चित्रं. लिहा, टॅम्बलिन."

ऑर्विल टॅम्बलिन यांनी लिहिले. तीस वर्षे त्यांनी जहाजांवर तारयंत्र सांभाळले होते. आता ते बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत. बाईंनी शाळेत विज्ञान शिकवणे सोडून खासगी तपासाचे काम सुरू केल्यापासून त्यांची वही हेच ठेवत. या वेळी अशीलही तेच होते.

मंगळवारी दुपारी सिडनहॅममधल्या या घरात टेलिव्हिजनची रंगीत तालीम झाली. कंपनी दोघांचीच: मालक रूपर्ट अ‍ॅशकूम आणि फिल्म सांभाळणारा टोबायस लंट. नव्यानेच आलेली नेस्टा प्राइस वरच्या मजल्यावर गायली. बागेपलीकडच्या जुन्या तबेल्यात ठेवलेल्या पडद्यावर टॅम्बलिन पाहुणे म्हणून ते पाहत होते. गाणे संपले आणि नेस्टाची किंकाळी ऐकू आली. लंट डोके फुटून या टाकीपाशी पडला होता. अजून तो इस्पितळात बेशुद्ध होता, आणि नेस्टा कोठडीत.

"उद्या दहाला तिला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणार," टॅम्बलिन म्हणाले. "लंट गेला तर फाशी. आणि गळ्यातला दोर माझ्या जबानीचा."

"जबानी खोटी आहे का?"

"अक्षर न् अक्षर खरी. पडद्यावर तिच्यामागे भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. त्यात तीन वाजले तसं मी माझं लावून घेतलं. तीन वाजून सहा मिनिटांनी तिनं वाकून नमस्कार केला, पडदा काळा झाला. बरोबर सव्वीस सेकंदांनी किंकाळी. ती म्हणते, मध्ये दीड मिनिट गेलं. मग उरलेल्या मिनिटाचं खोटं कशाला सांगते?"

"आणि अ‍ॅशकूम?"

"शेवटच्या कडव्याला माझ्या शेजारी येऊन बसला. मीच त्याला सिगारेट दिली. नेस्टा तर तेव्हा समोर पडद्यावर गात होती."

"हं. तुमची आज गाडी चुकली ना?"

"कालही. डोळ्यांदेखत सुटली. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. वय झालं, बाई. मन थाऱ्यावर नाही."

बाईंनी टेप गुंडाळली.

कोठडीत नेस्टा बाकावर अंग चोरून बसली होती. वेल्समधल्या खाणकामगाराची पोर. टेलिव्हिजनसाठी ओठांना फासलेला निळा रंग अजून कोपऱ्यात राहिला होता.

"गाणं संपलं तेव्हा काचेपलीकडे लंटसाहेब धडधाकट उभे होते. मी दिवे मालवले आणि तोंड पुसायला आतल्या खोलीत गेले," ती म्हणाली. "हा रंग निघतो का लवकर! दीड मिनिट तरी लागलं. मध्येच काहीतरी धप्‌ झालं. बाहेर आले तर लंटसाहेब…"

"सकाळी तुमचं त्यांच्याशी वाजलं होतं म्हणे?"

"मी म्हटलं, या रंगात मी मेलेल्या माणसासारखी दिसते. ते म्हणाले, रंगाचं काय घेऊन बसलीस, इथं याहून मोठं खोटं चालतं." तिने टॅम्बलिन यांच्याकडे पाहिले. "साहेब, तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या ना माझ्या गाण्याला?"

टॅम्बलिन यांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

दोघे सिडनहॅमच्या घरी परतले तेव्हा तिथली स्वयंपाकीण मिसेस पेग बटाटे सोलत होत्या.

"मला काय विचारता? त्या मुलीचं गाणं डोक्यावर चालू होतं. ते थांबलं तसा मी चहाचा ट्रे उचलला आणि तबेल्याकडे निघाले. दाराशी पोचते तर आत तुमची पेटी अजून गातेयच! म्हटलं, चहा गार झाला, यांचं काही संपायचं नाही."

"कानानं जरा कमी ऐकू येतं त्यांना," टॅम्बलिन बाहेर आल्यावर पुटपुटले.

"गाणं ऐकू आलं, हे तर खरं ना?"

अ‍ॅशकूम तबेल्यात पडद्याची काच पुसत होता. चाळिशीचा, देखणा, दोन दिवसांत गालफडे बसलेली.

"सेकंदाला पंचवीस चित्रं, मॅडम. तिनं तिथं ओठ हलवले की त्याच क्षणी इथं दिसतात. पुढच्या आठवड्यात सरकारी समितीला हेच दाखवायचं आहे."

"लंट यांनाही तेच सांगायचं होतं?"

"टोबी जरा हट्टी होता." तो थांबला. "आहे. हट्टी आहे."

संध्याकाळी पाचला बाईंनी इन्स्पेक्टर हॉबडे यांना तबेल्यात बोलावले. अ‍ॅशकूम तिथेच होता.

"इन्स्पेक्टर, तुमचं घड्याळ?"

"पाच वाजून चार."

"टॅम्बलिन, तुमचं?"

टॅम्बलिन यांनी पाहिले. "पाच वाजून तीन. एक मिनिट मागे आहे. कसं शक्य आहे? मी मंगळवारीच…"

"पडद्यावरून लावलंत. तेव्हापासून तुमची गाडी चुकते आहे." बाईंचा आवाज मऊ झाला. "तुमचं वय झालेलं नाही. पडदाच मागे आहे. कॅमेरा टिपतो ते चित्र लगेच इथं येत नाही. ते फितीवर उमटतं, चारही टाक्यांतून धुऊन निघतं, आणि मग हवेत जातं. आवाजही त्याच फितीवर, म्हणून ओठ आणि शब्द जुळतात आणि कुणाला शंका येत नाही. मिसेस पेग बहिऱ्या नाहीत. वरचं गाणं संपलं होतं. इथं ते चालू होतं."

"म्हणजे मी अ‍ॅशकूमला सिगारेट दिली तेव्हा…"

"वर दिवे मालवले होते. नेस्टा तोंड पुसत होती. लंट जमिनीवर होते. तुमचे सव्वीस सेकंद खरे, आणि तिचं दीड मिनिटही खरं. मधलं मिनिट टाक्यांत होतं. ते माहीत असलेली माणसं दोनच. एक बेशुद्ध आहे."

अ‍ॅशकूम फडके हातात घेऊन उभाच राहिला.

"टोबी म्हणाला, समितीला खरं सांगून टाकतो," तो म्हणाला. "'त्याच क्षणी' म्हणणं ही फसवणूक आहे म्हणे. मी ढकललं. नुसतं ढकललं हो. डोकं कोपऱ्यावर आपटलं आणि मी पळालो. इथं आलो तर ती अजून गात होती. अख्खं कडवं ऐकलं मी, तो तिथं पडलाय हे माहीत असून. तेवढ्यात डॉक्टरला फोन झाला असता. मी बसून राहिलो, कारण इथं बसलेला माणूस सुटणार हे कळलं होतं मला."

"आणि मी टाळ्या वाजवल्या," टॅम्बलिन म्हणाले.

हॉबडे यांनी मिशीवरून बोट फिरवले. "घड्याळं मागे पडतात, बाई. हाही उद्या वकील भेटला की शब्द फिरवेल. मुलीला सोडायचं तर मला आकडा लागेल."

"शंभर फुटांत सोळाशे चित्रं, सेकंदाला पंचवीस. आता मोजून बघा," बाई म्हणाल्या.

अ‍ॅशकूमने स्वतःच वर जाऊन मोटर चालू केली. हॉबडे त्याच्याशेजारी उभे राहिले. मिस स्केल्टन हातात पांढरा रुमाल घेऊन कॅमेऱ्यासमोर गेल्या. टॅम्बलिन तबेल्यात एकटे बसले, एका कानाला फोन, मुठीत हॉबडे यांचे स्टॉपवॉच. पडद्यावर बाई उभ्या दिसू लागल्या.

"आता टाकते!" फोनवर त्यांचा आवाज आला.

टॅम्बलिन यांनी कळ दाबली. पडद्यावर बाई रुमाल धरून उभ्याच होत्या. शेजारची खुर्ची रिकामी होती. ते बघत राहिले.

रुमाल पडला. त्यांनी कळ दाबली.

चौसष्ट सेकंद.