मागच्या खोलीतला डबा

घरोघरी वायफायचे डबे बसवणं हे माझं काम, आणि संशय घेणं हा स्वभाव. त्या दुपारी ताईकडे गेलो तो मात्र भाऊ म्हणून.

"कोणीतरी माझं नेट चोरतंय," ताई म्हणाली, "आणि कोण ते मला माहितीये."

तिची नजर स्वयंपाकघराकडे गेली. ताईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनपासून, चार वर्षं, कामाला ठेवलेल्या मावशी घरातच राहून तिचं सगळं करत होत्या. चोरी पकडली गेली तर आजच त्यांना घराबाहेर पडावं लागणार होतं, आणि जायला त्यांना दुसरं घर नव्हतं.

डबे तीन: हॉलमध्ये, जिन्यात आणि मागच्या, वापरात नसलेल्या खोलीत. मोबाइलवर यादी उघडली. ताईचा फोन, मावशींचा, माझा. आणि नाव नसलेलं चौथं काहीतरी. मागच्या खोलीतल्या डब्यावर, फाइव्हवर.

हे जरा समजून घ्या. वायफायचे पट्टे दोन. टू पॉइंट फोर संथ, पण भिंती ओलांडून लांब जातो. फाइव्ह वेगवान, पण भिंत आडवी आली की ढेपाळतो. फाइव्हवर कोणी दिसलं, तर ते डब्याजवळच असणार, बहुधा त्याच खोलीत.

खोली उघडली. कपाट नाही, खाट नाही. नुसता डबा, आणि त्याच्यासमोर एक खुर्ची. हवेला शिळ्या श्वासासारखा वास होता.

"खुर्ची कोणाची?"

"माझी," मागे येऊन उभ्या राहिलेल्या मावशी म्हणाल्या. "दुपारी बसते जरा."

"रिकाम्या खोलीत?"

मी प्लगला हात घातला तसं त्यांनी माझं मनगट धरलं.

"दादा, तो डबा काढू नका... तो असला की ते इथंच राहतं."

चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं, आणि प्लग उपटला.

ताईने निकाल द्यायला पाच मिनिटंही घेतली नाहीत. मावशींनी पिशवी भरली. त्यांचा फोन मीच यादीतून काढला, वर त्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सुंठीवाचून खोकला गेला." दारात त्या माझ्याशीच हळू बोलल्या, "ताईंना एकटं ठेवू नका..."

दार लागलं. यादीत आता दोनच फोन हवे होते. होती यंत्रं तीन. तिसरं तेच, नाव नसलेलं.

जिना. टू पॉइंट फोर.

डबा बंद केला की त्यावरचं यंत्र शेजारचा डबा शोधतं. हे मी नव्या माणसांना पहिल्याच दिवशी शिकवतो, आणि तेच नेमकं विसरलो होतो.

जिना. फाइव्ह.

पायऱ्यांवर काहीच वाजलं नाही. मी उठून हॉलचं आतलं दार ओढलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो. मावशींना बोललेलं आठवून स्वतःची लाज वाटली.

हॉल. टू पॉइंट फोर.

"ताई... चल, बाहेर जाऊन येऊ."

"आत्ता कुठे निवांत पडलेय," सोफ्यावरून ती डोळे न उघडता म्हणाली.

हॉल. फाइव्ह. सिग्नलच्या सगळ्या कांड्या भरलेल्या.

ताई कुशीवर वळली, थोडी सरकली.

"किती चिकटून बसतोस रे," ती म्हणाली.

मी अजून दाराशीच उभा होतो.